जिथं बी सापडलं

आप्पा,

तुमच्या दुकानात, तुमच्या गादीच्या जागेवर बसून लिहिते आहे. गादी आता नाही, नुसती फळी आहे. दादाने दुकान रंगवायला काढलंय, त्यामुळे सध्या धंदा बंद आहे, तरी येणारे-जाणारे अर्ध्या शटरखालून वाकून ‘बियाणं आलं का’ विचारून जातात. मी नुसती मान हलवते. तुमच्या स्मरणदिनासाठी आले असं मी दादाला सांगितलं. तो दिवस यायला अजून बराच अवकाश आहे हे त्याला माहीत आहे, पण माहेरी आलेल्या बहिणीला ‘का आलीस’ असं विचारायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून तो गप्प आहे. खरं सांगायचं तर मी समुद्रापासून पळून इथे आले आहे. लातूरला यायला तेवढं एक बरं, समुद्र इथून कुठल्याच बाजूला जवळ नाही. तुम्ही जिवंत होतात तेव्हाही आपण फारसं बोलायचो नाही, आणि मेलेल्या माणसाला लिहिण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही. पण मला एका गोष्टीची लाज वाटते आहे, इतकी की जेवताना घास थांबतो. ती सांगायला तुमच्याखेरीज कुणी सुचत नाही, कारण तुम्हीही एकदा तसंच केलं होतंत आणि तेव्हा मी इथेच, या उंबऱ्याशी उभी होते.

आधी अव्वाचं स्वयंपाकघर आठवतं. पेरणीच्या तोंडावर तुम्ही ओलं गोणपाट आणून रांजणाशेजारी ठेवायचात, त्यात सोयाबीनचे दाणे ओळीने मांडून गुंडाळलेले. अव्वाच्या पायात ते यायचं. ‘माझं सैपाकघर हाय का तुमचं वावर?’ असं ती रोज एकदा म्हणायची, आणि म्हणता म्हणता स्वतःच त्यावर पाण्याचा हबका मारायची. तुमची लिंगपूजा झाली, कपाळावरचं भस्म अजून ओलं आहे, अशा वेळी तुम्ही उकिडवे बसून ते गोणपाट उलगडायचात. मी तुमच्या खांद्यावरून वाकून बघते आहे. दाण्यांना पांढरे, आखूड मोड आलेले असतात, आणि तुम्ही एक दाणा नखावर घेऊन म्हणता, ‘जित्तं हाय.’ तुमचा चेहरा तेव्हा जसा व्हायचा तसा माझ्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. त्याचा मला राग होता, पण मजाही वाटायची. उगवलं की सगळं सिद्ध झालं, हे मी तिथे शिकले. उगवलेल्या दाण्याशी कुणी हुज्जत घालू शकत नाही, असं तुम्हीच म्हणायचात.

मग ते साल आलं. शिरूर अनंतपाळकडच्या गावांतले लोक टेम्पो करून दुकानात आले. त्यांनी तुमच्याकडून नेलेलं बी उगवलंच नव्हतं. तुम्ही गादीवरून उठला नाहीत, मला चहा सांगायला लावलात. पुढे बसलेला म्हातारा शेतकरी चहाला शिवला नाही. ‘आप्पा, वावर काळंच्या काळं हाय. एक कोंब न्हाई,’ तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, ‘माझ्या गोणपाटात टरारून आलं. तुमी खोल पेरलं आसंल.’ त्यावर मागचे सगळे एकदम बोलायला लागले. ‘बापजाद्यापासून पेरायलोत आमी, आता खोल-उथळ तुमी शिकवणार का?’ कुणीतरी हसलंसुद्धा. म्हातारा मात्र हसला नाही. त्याने सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि शांतपणे म्हणाला, ‘आप्पा, इमानानं सांगा. लिंग हातात घेऊन सांगा की बी चांगलं हुतं. मग आमी उठतो.’

तुम्ही गळ्यातली चांदीची डबी उघडलीत, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलंत आणि म्हणालात, ‘माझ्या दुकानातून निघालं तवा बी जित्तं हुतं.’ ते उठले. म्हाताऱ्याने जाताना ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कारही केला नाही. तुम्ही खोटं बोलला नव्हतात, हे मला माहीत होतं. दुकानातून निघताना ते जिवंतच होतं. पण ते टेम्पोत कसं चढवलं गेलं तेही मी पाहिलं होतं. सोयाबीनचं साल म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याइतकं नाजूक. एरवी तुम्हीच हमालांच्या मागे लागायचात, ‘आरं पोतं न्हाई ते, बाळंतीण हाय, हळू उचल.’ त्या वर्षी गर्दी होती, गाड्या खोळंबल्या होत्या, आणि तुम्हीच दारात उभे राहून ओरडत होतात, ‘टाका, टाका, गाडी निघाली पायजे.’ वरच्या माळ्यावरून पोती थेट टेम्पोत धबाधब पडत होती. बी वाटेत मेलं होतं, आप्पा. तुम्ही शपथ घेतलीत ती दुकानाची, वाटेबद्दल तुम्ही बोललाच नाहीत.

ते लोक गेल्यावर मी तुम्हाला हे बोलून दाखवलं. हमाल ऐकत होते. तुम्ही हात उगारला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. ‘घरचं दुकानात बोलायचं नसतंय,’ एवढंच म्हणालात, आणि त्या दिवसापासून पेरणी संपेपर्यंत माझं दुकानात येणं बंद झालं. मला तुमची लाज वाटली. शाळेत शिरूरकडच्या मुली होत्या, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी ठरवलं होतं की मोठी होऊन अशा ठिकाणी जाईन जिथे गादी नाही, गिऱ्हाईक नाही, शपथ नाही. ते वय असं ठरवायचंच असतं म्हणा.

तरी मला नांदेडला कॉलेजात घालायला तुम्हीच आलात. एसटी लोह्याला थांबली तेव्हा सगळे हॉटेलात गेले आणि आपण दोघं स्टँडच्या बाकावर अव्वाच्या दशम्या आणि शेंगाची चटणी खात बसलो, कारण परक्या हातचं तुम्हाला चालत नव्हतं. प्रवेशाचं काम आटोपल्यावर विष्णुपुरीचं धरण बघायला गेलो. एवढं पाणी मी पहिल्यांदा पाहत होते. तुम्ही काठावर धोतर सावरून उभे राहिलात आणि म्हणालात, ‘समिंदर ह्याच्यापेक्षा लई मोठा आसतोय म्हणं. काय करतेत लोक एवढ्या पाण्याचं?’ मग खिशातून तुमचं बी बघायचं भिंग काढून माझ्या हातात ठेवलंत. ‘शिकायलीस तर घे. मला आता दोन नंबराचा चष्मा लागला.’ माफी मागायची तुमची ती पद्धत असावी असं मला पुढे वाटलं. त्या वेळी मी नुसतं घेतलं.

तुम्ही लोकांना सांगायचात, ‘पोरगी समिंदरात नोकरी करते,’ आणि लोक विचारायचे, ‘म्हंजी बोटीवर?’ मी नेमकं काय करते हे तुम्हाला कधी समजावलं नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला सगळ्यांत आधी समजलं असतं. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी वनस्पती असते, प्लवक म्हणतात तिला. तिच्यातल्या काही जाती दिवस बदलले, पाणी मानवेनासं झालं की स्वतःभोवती जाड साल करून घेतात आणि तळाच्या चिखलात जाऊन पडतात. तेच त्यांचं बी. ते वर्षानुवर्षं चिखलात झोपून राहतं आणि पुन्हा बरे दिवस आले की साल फोडून वर येतं. यातल्या काही जाती विषारी. त्या माजल्या की पाणी कधी लालसर होतं, कधी होतही नाही, आणि ते पाणी पिऊन राहणारे तिसऱ्या, कालवं असे शिंपल्यातले जीव विषारी होतात. ते विष धुऊन जात नाही, उकळूनही जात नाही. मी तो चिखल बोटीवरून काढून आणायचे, बी वेचायचे, काचेच्या ताटलीत ठेवायचे आणि उगवतं का बघायचे. म्हणजे तुमचंच गोणपाट. पहिल्यांदा बी फुटून त्यातून वळवळणारा जीव बाहेर आला तेव्हा मी प्रयोगशाळेत मोठ्याने ‘जित्तं हाय’ म्हणाले होते. बाकीचे बघत राहिले.

आता माझी चूक सांगते. कोकणातल्या एका खाडीत एका वर्षी लाल पाणी दिसलं आणि तिथल्या बायकांनी तिसऱ्या काढायचं थांबवलं. ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या काढायच्या आणि विकायच्या, एवढंच त्यांचं उत्पन्न. हे बी कुठलं ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. खाडीच्या तोंडाशी चिखलात बी जवळजवळ सापडलंच नाही. खूप आत, खोल समुद्राच्या तळाशी मात्र खच पडला होता. मी ते ताटलीत लावलं आणि ते भराभर उगवलं. मग काय, मी आप्पांची मुलगी! उगवलंय म्हणजे बी अस्सल, आणि अस्सल बी जिथे सापडलं तिथलंच. मी लिहून दिलं की या वनस्पतीचं शेत आत खोल समुद्रात आहे, खाडीत नाही, खाडीतल्या तिसऱ्या खायला हरकत नाही.

आपल्याकडे खळ्यावर उफणताना माणूस तिवईवर उभा राहून सूप हलवतो, वारा भुसा उडवून लांब नेऊन टाकतो. भुश्याचा ढीग पडला तिथे ज्वारी पिकली असं आपल्यातलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. समुद्रात वाऱ्याचं काम प्रवाह करतात. ती वनस्पती वाढली होती खाडीतच, काठालगत. पण खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा जोर एवढा की बारीक धुळीसारखं ते बी तिथे टिकतच नाही. ओहोटी ते बाहेर काढते, किनाऱ्यालगतचा प्रवाह ते उचलतो, दूर खोल पाण्यात नेतो, आणि जिथे पाणी शांत होतं तिथे ते सावकाश तळाशी बसतं, जिवंतच्या जिवंत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे आमच्या शास्त्रातल्या नवशिक्यालाही माहीत असतं. पण उगवलेलं बी समोर दिसलं आणि मला इतका आनंद झाला की ते कुठल्या वाटेने आलं हे मी विचारलंच नाही. तुम्ही वाट मुद्दाम लपवलीत. मला ती सुचलीच नाही. यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला ठरवता येत नाही.

बायकांना नुसत्या कागदाने धीर येईना, म्हणून तिथल्या अधिकाऱ्याने गावात बैठक ठेवली. त्या बायकांची पुढारी माझ्याच वयाची, बोलायला फटकळ, हाताला गावात नाव असलेली. लग्नकार्यात तिसऱ्यांचं सुकं करावं तर हिनेच, असं लोक म्हणत होते. तिच्याच अंगणात आम्ही बसलो. माझं सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, शास्त्र तुमचं खरं असेल, नाय असं नाय. पण तुमी आमच्यासोबत बसून खावा, मंग आमी पोराबाळांना घालू.’ सकाळीच काढून आणलेल्या तिसऱ्या तिने चुलीवर केल्या होत्या. अधिकाऱ्याचा उपवास निघाला. ताट माझ्यापुढे आलं. मी एक शिंपली उचलून तोंडाला लावली, बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं, आणि मग त्याच टोपातलं त्या सगळ्या जेवल्या. मी गाडीत बसून निघाले.

संध्याकाळपर्यंत त्यांचे ओठ बधिर झाले, मग हातपाय. बऱ्याच जणींचं ओकारीवर भागलं. जिच्या अंगणात बसलो होतो तिला मात्र श्वास घेता येईना. तिने सगळ्यांच्या नंतर, टोपात उरलेलं पुसून खाल्लं होतं, म्हणजे सगळ्यांत जास्त. तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात यंत्रावर ठेवावं लागलं. वाचली. मला दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अधिकाऱ्याचा फोन आला. तो घाबरला होता आणि मीही घाबरले, आणि त्याने विचारलं, ‘मॅडम, असं कसं झालं असेल?’ तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? ‘त्यांनी नीट धुतलं नसेल.’

तुमी खोल पेरलं आसंल. अगदी तोच सूर, आप्पा. मला माझाच आवाज फोनमध्ये ऐकू आला आणि मी फोन ठेवला. धुण्याने काही होत नाही हे त्या जिल्ह्यात त्या दिवशी माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते वाक्य गावभर झालं. चौकशी बसली, आणि तिच्यातही तेच वाक्य जाऊन बसलं. ती बाई घरी आली तर तिच्या हातचं कुणी खाईना. बायका तिला आपल्यात घेईनात, लग्नाच्या घरून बोलावणं बंद झालं. आणि ती मला फोन करते. शिव्या द्यायला करत असती तर मी लातूरला पळून आले नसते. ती म्हणते, ‘मॅडम, माझंच काय तरी चुकलं. एकात वाळू राहिली होती, मला आठवतंय. तुमाला काय झालं नाय ना? तुमाला झालं असतं तर मी तोंड कुठं दाखवलं असतं?’ दर वेळी हेच. मी दर वेळी ‘नाही, मला काही झालं नाही, तुम्ही तब्येत सांभाळा’ म्हणते. इथे आल्यापासून तर तिचा नंबर दिसला की मी फोन पालथा ठेवते.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. इथे आल्यावर हिंमत करून चौकशी समितीला कळवलं, की माझा निष्कर्ष चुकला, मी प्रवाह विचारात घेतला नव्हता, बी खाडीतूनच बाहेर गेलं होतं. मला वाटलं सुटले. त्यावर आज सकाळी अधिकाऱ्याचा फोन. तो बिचारा माझ्या भल्यासाठीच बोलत होता. ‘मॅडम, कशाला अंगावर ओढून घेता? त्याच टोपातलं तुम्ही खाल्लंत, सगळ्यांनी बघितलंय, आणि तुम्हाला काहीही झालेलं नाही. म्हणजे दोष तिसऱ्यांचा नाही, त्या बाईच्या हाताचा. हे आम्ही पक्कं धरलंय.’

तर आता ताटाचं सांगते. मी खाल्लं नव्हतं. आपल्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. इतकी वर्षं समुद्रावर काढली, बोटीवर सगळे मासे खात असताना मी डब्यातलं थालीपीठ खाल्लं. ती शिंपली तोंडात गेली आणि जिभेला तो मऊ, खारट गोळा लागला, तसा तो मला गिळवेना. मी पदर तोंडाला लावून हसल्यासारखं केलं आणि ते रुमालात काढलं. जिभेच्या शेंड्याला मुंग्या आल्या होत्या. मसाल्यात तिरफळ असेल असं मी स्वतःला सांगितलं. ताट पुढच्या बाईकडे सरकवलं आणि टाळ्या घेतल्या. तुम्ही लिंग हातात घेऊन अर्धं खरं बोललात. माझ्या शपथेत खरं काहीच नव्हतं, आणि तिच्या भरवशावर एक अख्खं अंगण जेवलं. आता त्याच न खाल्लेल्या घासावर त्या बाईचा हात दोषी ठरतो आहे, आणि तो घास रुमालात गेला हे जगात फक्त मला माहीत आहे. तुम्ही म्हणालात तसं मी घरचं दुकानात बोलले नाही, म्हणजे मीसुद्धा शेवटी तुमच्याच गादीवर येऊन बसले.

इथवर लिहिलं आणि तिचा फोन आला. फळीवर घरघरत होता. दादा मागच्या बाजूला रंगवाल्यांशी घासाघीस करत होता. मी फोन उचलला आणि तिने वाळूचं सुरू करायच्या आत सांगून टाकलं. सगळं, रुमालासकट. आमच्यात चालत नाही म्हणून, हेही सांगितलं. पलीकडे कावळे ओरडत होते. मग ती म्हणाली, ‘मंग आधी नाय का सांगायचं? वरणभात टाकला असता तुमच्यापुरता. म्हणजे माझ्या दारातनं तुमी उपाशी गेलात!’

मग तिला हळूहळू बाकीचं उमगत गेलं असणार, कारण आवाज बदलला. ‘म्हणजे धुण्याचं काय नव्हतं?’ मी नाही म्हणाले. ‘माझ्या हाताचं?’ नाही म्हणाले. ‘मंग हे मला फोनवर नका सांगू. हितं या. त्याच अंगणात उभं राहून सगळ्यांच्या देखत सांगा. टाळ्या तिथंच घेतल्यात ना तुमी?’ मी येते म्हणाले. तिने फोन ठेवला.

समितीला रुमालाचं आत्ताच कळवलं. दादाला उद्याच्या गाडीचं बघायला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘अगं, आप्पाच्या स्मरणाला थांबणार हुतीस न्हवं?’ मी म्हटलं, आप्पांशी बोलणं झालं. हे कागद पोस्टाच्या कुठल्याच पेटीत पडायचे नाहीत. आपल्या रीतीने पुरताना तुम्हाला मातीत बसवलं आणि मठाच्या स्वामींनी तुमच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं तेव्हा मी नजर वळवली होती, तेवढंही तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि एक आहे, ते तिलाही सांगितलं नाही, समितीलाही नाही. त्या अंगणात घास रुमालात काढून मी मूठ मिटली, समोर बायका जेवायला बसत होत्या, आणि मला क्षणभर फार बरं वाटलं होतं, आप्पा. मनात आलं होतं, आप्पांना आवडलं असतं.